डब्याऐवजी बाटली

हैदराबादेत कोठी भागातल्या दातांच्या दवाखान्यात अलका ठणकणारी दाढ धरून बसली होती, पण तिचे कान मागच्या बाकाकडे होते. दोन ओळखीच्या बायका तिथं अचानक भेटल्या होत्या.

"भाग्यक्का, भावजींची ती दुपारची बाटली ऑफिसात बघून आमचे हे मला रोज सुनवायलेत. म्हणे, पोट कसं उतरलंय त्यांचं! काय घालता हो त्यात?"

"बदाम, केळं, ओट्स, दूध. सकाळी मिक्सरला फिरवते, मग दोनदा गाळते."

"गाळता कशाला? चोथा पोटाला चांगला असतो की."

"स्ट्रॉत कणसुद्धा अडकतो, राणी. गुटख्यानं तोंड उघडंना झालंय त्यांचं. आधी तीन बोटं जायची, मग दोन. आता एकही जाईना."

"अगं बाई! पण ऑफिसात तर डाएट म्हणतात."

"तसं सांगा म्हणून मीच शिकवलं."

"उगं परेशान होऊ नका. डॉक्टर करतील काहीतरी."

"परवा वाढदिवस होता त्यांचा. बिर्याणी केली आणि मिक्सरला फिरवली."

अलकानं नकळत तीन बोटं तोंडात घालून पाहिली.

"मग? खाल्ली?"

"स्ट्रॉ हातात धरून बसले. म्हणाले, हिच्याहून बारीक स्ट्रॉ मिळते का बघ."