क्रिएटिनिनमधलं मांस

चहा घ्या, सांगतो. रेल्वेत बदली होऊन जयपूरला आलो, तेव्हापासून माझं मटणाचं पातेलं गॅलरीत वेगळं असतं. बायको अंडंसुद्धा शिवत नाही.

गेल्या आठवड्यात रक्ततपासणीत तिचं क्रिएटिनिन फार वाढलेलं निघालं. डॉक्टरनं डायलिसिस सांगितलं. नात कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकते. तिला शहाणपणा सुचला. "आजी, हा शब्द जुन्या ग्रीकमधून आलाय. क्रेआस, मतलब मांस."

झालं! बायको माझ्यावर उलटली. "माझ्या रक्तात मांस? मटणाचा हात तसाच माठात घातलात तुम्ही! बाटवलंत मला."

दोन दिवस जेवली नाही. इतक्या वर्षांत माझा हात कधी न धुता माठात गेलाही असेल.

शेवटी नात म्हणाली, "आजी, ते आजोबांच्या मटणाचं नाही गं. आपल्याच अंगातलं मांस रोज झिजतं, त्याचा तो कचरा. तुझ्या किडन्या आता तो बाहेर टाकत नाहीत."

"माझंच मांस? नक्की?"

"तुझंच."

"मग काही नाही," बायको म्हणाली आणि उठून ताट वाढून घेतलं. दोन्ही किडन्या निकामी, आणि ही बाई सुटल्यासारखी हसत जेवली.