कधीच न दमणारी बॅटरी

...आणि वर आमचे साहेब मलाच विचारतात, "एका बॅटरीचं एवढं काय घेऊन बसलात?" काय घेऊन बसलेय? अहो, त्या बॅटरीवर माझ्या बाबांच्या गोळ्या अडकल्यात! तुम्हाला सांगते, आमच्या ऑफिसात औषधाची पेटी बनतेय, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी. वेळ झाली की वाजते, मोटर फिरते, झाकण उघडतं. आधी सगळं सर्किट कॉम्प्युटरवर चालवून बघायचं, चाललं की मी सही करायची, मग कारखान्यात माल बनायचा. आता त्या सॉफ्टवेअरमधली बॅटरी कशी? सहा व्होल्ट म्हणजे सहा व्होल्ट! आज सहा, उद्या सहा, जग बुडालं तरी सहा! दमणं नाही, म्हातारपण नाही... अशी एक बॅटरी दाखवा मला, पाया पडेन तिच्या!

खरी बॅटरी असते आमच्या बाबांसारखी. बसल्या जागी ठणठणीत, जिना चढा म्हटलं की धाप! पेटीतला जिना म्हणजे ती मोटर. नमुन्याची पेटी मी त्यांच्याकडेच ठेवली होती. चौथ्या महिन्यात फोन. "अगं, तुझी पेटी वाजते, झाकण उघडायला जाते, चक्कर येऊन बंद पडते, शुद्धीवर येते, पुन्हा वाजते! सकाळपासून सदतीस वेळा!"

"आणि गोळी?"

"स्क्रूड्रायव्हरने काढली."

बस्स! बाबांकडून पेटी उचलली, तडक ऑफिस गाठलं, स्क्रीनवरच्या बॅटरीच्या पोटात एक रेझिस्टन्स घातला, म्हणजे थकवा हो, दिवसागणिक वाढणारा. चालवलं... चौथ्या महिन्यात पेटी आडवी! साहेब धावत आले. "अहो, चांगली धडधाकट बॅटरी होती, तुम्ही बिघडवलीत! काढा ते! अकराला गिऱ्हाईक येतंय, सही करा!"

सही करणार नाही म्हणजे नाही!

"नवीन बॅटरीवर चालते ना?"

"साहेब, नवीन असताना तुम्हीसुद्धा वेळेवर येत होतात!"

"नोकरी जाईल!"

"जाऊ दे! सही करणार नाही म्हणजे नाही!" बोलले एकदाची!

अकराला मंडळी आली. मी बाबांकडची पेटीच टेबलावर मांडली. वाजली. पडली. वाजली. पडली. त्यांच्यातल्या एका बाईंनी विचारलं, "मग आतली गोळी कशी घ्यायची?" साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी स्क्रूड्रायव्हर पुढे केला.

झालं! मोटर बदलली, सर्किट बदललं, आता मरायला टेकलेल्या बॅटरीवरही झाकण खाट्कन उघडतं! मोठ्या तोऱ्यात नवी पेटी बाबांकडे नेली. म्हटलं, "आठवडाभर वापरा आणि पसंत म्हणून इथे सही करा."

आठवड्याने गेले तर काय? बाबा म्हणतात, "माझी जुनी पेटी आण. स्क्रूड्रायव्हर हातात घेतला की गोळी आठवते मला. ही आपली आपण उघडते, माझं लक्षच जात नाही."

"बाबा, निदान सही तरी..."

"सही करणार नाही म्हणजे नाही!"

आता बोला! बॅटरीचा थकवा स्क्रीनवर मांडला हो मी, बाबांचा हट्ट कुठे मांडू? दिली... जुनी पेटी परत दिली, स्क्रूड्रायव्हरसकट.