नीराची सुई आणि भागोजीचं जाळं

...आन वर बायको मलाच म्हनते, "जरा सरा की, भागोजीभावजींचा आवाज येत न्हाय." माझ्याच ओटीवर! तुमाला सांगतो, नवरा मी हाय हो, नवरा मी हाय!

आता हा भागोजी कोन? तर शेजारी. रेवदंड्यात जाळी विनतो. मी कोंडाजी, माझी सोताची होडी हाय, पन घरात मान कुनाला? भागोजीला. झालं काय, माझ्या नीराला साखरेचा आजार लागला. तळपायांची अशी आग व्हायची, की रडकुंडीला यायची बिचारी. त्यात अंगठ्याला जखम झाली, ती भरंना. अलिबागचा डाक्टर म्हनाला, रोज सुई टोचलीच पायजे, न्हायतर पाय जाईल. पन नीरा? नामा कंपौंडर सकाळी दारात दिसला, की ही आत जाऊन कडी लावायची.

डाक्टर म्हनाला, सुईला पर्याय न्हाय, पन दुखनं न् भीती हलकी करता येते. तळव्यांना हलक्या हातानं तेल लावा, सावकाश श्वास घ्यायला लावा, मन दुसरीकडं गुंतवा. म्हटलं, नवरा मी हाय, मी करीन. तेल लावलं... तर अशी किंचाळली, की आळी गोळा झाली. आता होडीच्या नांगराचा दोर ओढनारे हात हे, हलके कुठून आनू? मग मन गुंतवायला गोष्ट सांगितली. कुठली? खाडीच्या तोंडाशी आमची होडी उलटली ती. ती हुंदके द्यायला लागली, नामा सुई घेऊन माघारी गेला.

तेवढ्यात हा भागोजी आला. आरडाओरडा ऐकून. दारात बसला, जाळ्याचं टोक तिच्या मांडीवर ठेवलं न् म्हनाला, "वयनी, श्वास सोडा... आता गाठ ओढा." बस, एवढंच. सोडा, ओढा. सोडा, ओढा. दुसऱ्या दिवशी नामा आला, त्यानं दंडात सुई टोचली, न् ही विचारते, "झालं?"

झालं! तिचं झालं, माझं सुरू झालं. रोज सकाळी हा हजर. ही आधीच वेनी घालून तयार. घरात साखर बंद, म्हनून मी कोरा च्या पितो, आन भागोजीसाठी डब्याच्या तळाची साखर निघते! मी विचारलं, "माझ्या च्यात का न्हाय?" तर म्हनते, "तुमी काय पावने हाव?" नवरा मी हाय हो!

मग एक दिवस भागोजी लेकीकडं मुंबईला गेला. खोटं कशाला बोलू, मी लाँचपर्यंत त्याचं गाठोडं पोचवलं, परत येताना शीळ घातली. पन सकाळी नामा दारात, न् नीराचा चेहरा पांढराफटक. माझा हात असा धरला, की नखं रुतली. मी जाळं घेतलं, बोटं अडकली. श्वास सोड म्हटलं, तर माझाच अडकला. मग रागच आला मला.

"कसला तुझा भागोजी!" म्हटलं. "बसतो बेडकासारखा, बोलतो नाकात, च्या पिताना फुर्र फुर्र वाजवतो, जाळं विनतो त्यातनं सुरमई सोड, आख्खी होडी निसटंल..."

नीरा हसायला लागली. डोळ्यातनं पानी येईस्तोवर हसली. आन नामा म्हनाला, "कोंडाजीशेठ, टोचून झालं."

तवापासनं रोज हेच. जखम सुकली, तळपायाची आग कमी झाली, डाक्टर खूश. भागोजी परत आला, तर नीरा त्याला म्हनते, "भावजी, तुमी नुसतं बसा. आता हे बोलनार."

तो बसतो समोर. सगळं ऐकतो, मान डोलावतो, वर कधी कधी म्हनतो, "कोंडाजी, ते नाकाचं राह्यलं." असल्या मानसावर जळायचं तरी किती, न् कसं? रोज नवीन खोट आनू कुठून? तुमच्यापैकी कुनाला त्याची एखादी ठाव असली तर सांगून ठेवा हो... उद्या सकाळी नामा यायचाय.