मनोगत, शंभर शब्दांत

...आणि वर म्हणे शंभर शब्दांतच, तेही आज संध्याकाळी पाचच्या आत! का लिहिता म्हणे! अहो तुम्हाला सांगते, आयुष्यातली पहिली कथा दिवाळी अंकाने घेतली, तर संपादकबाईंची अट, सोबत 'मी का लिहिते' असं मनोगत हवंच, नाहीतर कथा पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी! तोवर मी शुद्धीवर असेन का? लेक अकरा महिन्यांची, कडेवर घेतली की फोन खाते, खाली ठेवली की पार पलीकडच्या बोनकोडे गावापर्यंत ऐकू जाईल असं रडते...

नवऱ्याला विचारलं. नाव त्याचं संघर्ष, करते मी. लॅपटॉपमधून मान न काढता म्हणतो, "लिही ना, समाजाचं देणं फेडायला लिहिते. भारी वाटतं!" सासूबाई कोथिंबीर निवडता निवडता, "आगं, रिकामी बसती म्हनून लिहिती, दुसरं काय?" रिकामी! ऐकलंत?

बसले तशीच लिहायला. पण दोन वर्षं मी लिहिलंय काय? नवऱ्याच्या मित्राचं, धनाजीचं, कोपरखैरण्यात बॅनरचं दुकान. "वहिनी, वाढदिवसाच्या चार ओळी टाका ना... वहिनी, श्रद्धांजलीचं जरा अर्जंट हाय!" हाताला तेच वळण! मनोगत लिहून वाचते तर काय, 'हसतमुख, मनमिळाऊ, सर्वांच्या हाकेला धावणारी...' खाली 'शोकाकुल परिवार' टाकायचं तेवढं राहिलेलं! जिवंतपणी स्वतःचीच श्रद्धांजली, ती पण फुकटात!

का लिहिता म्हणे! मग डोकंच फिरलं. पुसलं सगळं आणि खरं ते लिहिलं. बाळंतपणानंतर डॉक्टरांना म्हटलं, मला सारखं रडू येतं. ते म्हणाले, "दूध येतंय ना?" आईला फोन केला, तर "बाळ पितंय ना?" नवऱ्याला सांगितलं, तर तो दचकून, "का गं, दूध कमी पडतंय?" शेवटी वहीत लिहिलं. वहीने काहीच विचारलं नाही. म्हणून लिहिते. बस्स! पाचला पाच कमी असताना पाठवलं, आणि मग वाटायला लागलं... फारच उघडं झालं का? सासूबाई वाचतील का? आणि संपादकबाईच नको म्हणाल्या तर... कथाही गेली!

आलं हो उत्तर! "अप्रतिम! तुम्ही आम्हाला दिसलात! कथा नक्की. फक्त फोटो बाळासोबतचा पाठवा हं, वाचकांना आवडतो."

काय करणार... पाठवला. बाळ गोड आलंय. मीही आलेय तशी... डाव्या कोपऱ्यात, एक खांदा.