फाटकावरचं चित्र मागं पडते

नाई नाई भैया, नवीन डब्बा नको सांगू मले. तुमच्या पंडरी बाजारातल्या दुकानातून याच्या आधी एक माणूस येऊन गेला, तोही जाताना तेच बोलला — बाबूजी, भंगार हाय, काढून टाका. भंगार नाई गा. हे अश्विनचं कंप्युटर हाय. माझा पोट्टा. हव, तोच फोटोतला. त्यानंच हे कॅमेरे लावले, सॉफ्टवेअर टाकलं अन् मले शिकवलं, बाबा, इथं बसून फाटक पाहत जा, उन्हात उठू नका. तापानं गेला. दवाखान्यात पायानं चालत गेला होता... बस तू, खुर्ची ओढ. अन् हिंदीत बोलला तरी चालते, सारी नोकरी रेल्वेत काढली, मले सगळं समजते. मराठी मी फक्त सोडत नाई, नाई त या घरात मराठी बोलाले उरलं कोण? एक माझी बायको, शेवंता, अन् ती आज विहारात गेली, पौर्णिमा हाय ना. म्हणून त तुले आजच बोलावलं. काहून आजच, ते राहू दे. तू बिघाड पाहा.

बिघाड असा की चित्र मागं पडते. वरच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याचा टाइम पाहा, अन् हे भिंतीवरचं घड्याळ पाहा — दिसलं? बाहेर गल्लीत कुत्रं भुंकते अन् इथं गल्लीत कुत्रंच नाई. मग आपण विसरून गेलो की ते कुत्रं येते अन् मुकाट्यानं तोंड उघडते. सकाळी थोडंसंच मागं असते, दुपारपर्यंत वाढत जाते, अन् मधातलं गाळून टाकते ते वेगळंच — माणूस फाटकाशी आलेला दिसते, मग एकदम गेलेलाच दिसते, तो काय करून गेला ते नाईच. अन् हा पंखा ऐक, कसा घरघर करून राहिला. शेवंता म्हणते, याले दम्याचं औषध द्या.

रेकॉर्डिंग बराबर हाय, मग काय बिघडलं? अरे, रेकॉर्डिंगही इथं लावलं की असंच मधातलं गाळून दाखवते, अन् त्याचं काय करू मी — नाई, चोराची भीती हाय, तसंच समज. या पाऱ्यात, मोहल्ल्यात, लय चोऱ्या... नाई. उगाच खोटं काहून बोलू तुह्यासंग. आमच्या घरात चोराले काय भेटणार. सून येते, भैया. रुचिता. म्हणजे सून म्हणू नाई आता, पोरगीच म्हणा. अश्विनच्या मागं आमच्यापाशीच राहिली, मायबापाकडं गेली नाई. शेवंताचं डोकं तिच्या मांडीवर असे, अन् मी पाहत राहो — एवढीशी पोरगी, हिनं काय म्हाताऱ्यांची डोकी दाबत जन्म काढायचा? मीच स्थळ पाहिलं. मीच बाप म्हणून विहारात उभा राहिलो. पोट्टा चांगला हाय, नव्या रायपुरात नोकरीवर, जीव लावते तिले. पण त्याच्या मोठ्या काकानं मले बाजूले नेलं अन् म्हणे, भाऊ, जुन्या घरी येणं-जाणं राहिलं त पोरगी नव्या घरी रुळणार नाई. मी हात जोडले. हो म्हटलं. दुसरं काय म्हणतो? पोरीचं घर नव्यानं वसून राहिलं होतं.

अन् तिनं माह्या शब्दाचा मान ठेवला, इतका ठेवला की नसता ठेवला त बरं झालं असतं. उंबऱ्याच्या आत पाय नाई. पण पौर्णिमेले शेवंता विहारात असते हे तिले ठाऊक हाय, अन् त्या दिवशी ऑफिस सुटलं की स्कूटी घेऊन येते, फाटकाशी थांबते. मी इथं पाहतो. पाहिलं की उठतो, तसाच धावतो, पायात चप्पल नाई की काही नाई — अन् फाटकाशी कोणीच नाई. गल्ली रिकामी. आत येऊन पाहा त इथं ती उभीच हाय. खरी रुचिता तिकडं मोठ्या रस्त्याले लागलेली, अन् मी चित्रातलीच्या मागं धावून राहिलो.

बाहेरच बसून राहा म्हणतं? बसलो होतो ना. समोरच्या भीमाबाईनं सांगितलं, तुमची रुचिता कोपऱ्यापर्यंत आली होती भाऊ, तुमाले खुर्चीत पाहिलं अन् गाडी वळवली. मी दिसलो की ती येत नाई. फोन? नंबर बदलला तिनं, अन् नवा मी मागितला नाई, कोणत्या तोंडानं मागू. मले लंबी गोष्ट नाई करायची. एकच सांगायचं हाय — बाई, शब्द मी दिला होता, तू नाई दिला. आत ये, पाणी पी, मायले भेट. एवढ्यासाठी मले चित्र आताचं पाहिजे. आताचं म्हणजे आताचं.

काय म्हणतं? कॅमेऱ्यात कोणी सेटिंग बदलली का? हव, तोच आधीचा माणूस. मीच सांगितलं होतं त्याले. ती येऊन गेल्याचं तवा मले भीमाबाईकडून लय उशिरा समजे, तोवर रेकॉर्डिंग आपोआप पुसल्या जाये, अन् मले ते ठेवायचं होतं, शेवंताले कधीतरी दाखवीन म्हणून. त त्यानं काहीतरी बदललं, म्हणे आता कॅमेरा चित्र जास्त घट्ट गुंडाळून पाठवीन, जागा कमी लागीन, जुनं लय दिवस राहीन. मग? ... असं हाय. म्हणजे ते घट्ट गुंडाळलेलं उलगडणं या जुन्या ग्राफिकच्या चिपले जमतच नाई, अन् सगळं ओझं प्रोसेसरवर पडते, अन् तो बिचारा मागं मागं राहते. अरे देवा. म्हणजे हे माह्याच हातानं झालं. तिचं जुनं येणं सांभाळून ठेवाच्या नादात तिचं आताचं येणं हातातून गेलं माह्या.

कर. पहिल्यासारखंच कर. जुनं लवकर पुसल्या जाईन? जाऊ दे पुसल्या. अन् हे काय — हार्डवेअरवर डिकोड, म्हणजे चिपनंच उलगडायचं, इथं टिक? लाव. अश्विननं लावलेलीच असंल, त्या माणसानं काढली. बंद करून चालू करायचं? कर बापा, पण लवकर कर, उन्हं उतरली, तिची वेळ होऊन राहिली.

पंखा थांबला काय? नाई, चालू हाय, आवाज गेला फक्त. ऐक, कुत्रं भुंकलं — पाहा, पाहा, इथंही भुंकलं. संगच. चांगला हात हाय तुहा. बस, चहा टाकतो, शेवंता नाई त काय झालं, मले जमते चहा...

थांब.

ती आली. तीच हाय, ओढणी गुंडाळली तोंडाले तरी समजते मले. भैया, हे आताचं हाय ना? अगदी आताचं? तिथं उभी हाय ना ती खरंच? मग मी... नाई, जरासं थांब. हे काय करून राहिली? हे मधातलं मले कधी दिसलंच नाई. घराकडं पाहून नाई राहिली ती. दाराकडं नजरच नाई तिची. फाटकाच्या सळाखीतून हात आत घातला. तिथं अश्विनची मोटरसायकल हाय, ताडपत्री टाकून ठेवली, विकवली नाई माह्यानं. ताडपत्री वर केली... सीटवर हात ठेवला. नुसता ठेवला.

मले वाटे, आमच्यासाठी येते.

जा म्हणतं मले? हव, आता त पोचीन मी. आरामात पोचीन. पण मी दार उघडलं की ती हात काढून घेईल, भैया.

बस खाली. खुर्ची वाजवू नको.