सरकारजमा झालेले फ्रान्सचे सूर

आदरणीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावर विराजमान असलेले कस्टम कचेरीचे सर्व अधिकारी, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत ते वैजनाथराव लासूरकर साहेब, त्यांच्या सौभाग्यवती कालिंदीबाई, गुलमंडीचे व्यापारी बंधू, आणि मागच्या बाकांवर बसलेली माझी माणसं,

सगळ्यात आधी माफी मागतो. हेडक्लार्क बद्रीनाथ यांनी हे भाषण लिहून मागितलं त्याला अकरा दिवस झाले. मी ते आज सकाळी लिहिलं. उशिराचं कारण आळस नाही. मला या बोलावण्याचाच भरवसा वाटेना. कस्टम कचेरीनं बाजाची पेटी दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याला भाषणाला का बोलवावं? त्यातही ज्याचा माल त्यांनी एकावन्न साली जप्त केला, त्यालाच का? मी दोनदा कचेरीत जाऊन विचारलं. बद्रीनाथ म्हणाले, "काका, साहेबांनी स्वतः तुमचं नाव लिहून दिलं." ते ऐकून तर माझी झोपच उडाली. पुन्हा म्हणतात, "आधी आमच्याकडं द्या, आम्ही बघून घेऊ." काय बघून घेणार? म्हणून हा कागद मी खिशातच ठेवला. आत्तापर्यंत तो कुणी पाहिलेला नाही.

मी पुंजाराम. मूळचा सोयगावचा, दुकान इथं औरंगाबादेत. शिक्षण उर्दू चौथी, तीही अर्धी. पेटीचे सूर, म्हणजे आतल्या पितळी पट्ट्या, घासून लावणं हा माझा धंदा. खुलताबादच्या उरुसातल्या कव्वालांच्या पेट्या आणि कन्नडच्या भजनकऱ्यांच्या पेट्या माझ्या एकाच पाटावर उघडल्या जातात. देशी सूर कितीही घासले तरी फ्रान्सच्या सुरांची सर त्यांना येत नाही, असं तेव्हा आम्ही सगळेच मानत होतो. फ्रान्सचे सूर मागवायची आमची एक ठरलेली रीत होती. हैदराबादला बँकेत जायचं, मंजुरीची चिठ्ठी घ्यायची, ती करोडगिरीच्या नाक्यावर, म्हणजे निजामाच्या जकात खात्यात दाखवायची, आणि माल सोडवून आणायचा. पोलीस ॲक्शनच्या आधी मी दोन वेळा असा माल आणला होता.

ॲक्शन झाली. निशाण बदललं, करोडगिरीच्या कचेरीवरची पाटी बदलली. पण बँक जागेवर होती, बाजारात निजामाचाच हाली शिक्का चालत होता. मग माणसानं काय समजायचं? मी एकावन्न साली तशीच चिठ्ठी घेतली आणि सुरांचे तीन संच मागवले. खोका मुंबईच्या बंदरावरून चौकशीसाठी इथल्या कचेरीत आला. पंचांसमोर उघडला, पुन्हा लाखेची मोहर लावून कपाटात ठेवला. आणि कचेरीतले एक कारकून माझ्या दुकानी आले. ते हेच, वैजनाथराव.

"पुंजारामजी, रिझर्व्ह बँकेची मंजुरी दाखवा."

"ही काय. बँकेचाच कागद आहे."

"ही हैदराबादच्या बँकेची आहे. आता परदेशी मालाला रिझर्व्ह बँकेची लागते."

"बँक ती बँकच ना साहेब? का हैदराबादला बँकेत भजी तळतात?"

ते हसले. मला त्यांचं हसणं आवडलं नाही. चौकशीला आलेला सरकारी माणूस हसतो, तेव्हा त्याच्या मनात काहीतरी असतं, असा माझा अनुभव होता. निजामाच्या राजवटीत ज्यांनी नाके ओलांडले आहेत, त्यांना विचारा.

आठ दिवसांनी ते पुन्हा आले. तिसऱ्यांदा आले ते रविवारी, कचेरी बंद असताना. म्हणाले, "तीस दिवसांची मुदत आहे. मुंबईला अर्ज करा, चूक झाली म्हणून कळवा. मजकूर मी लिहून देतो, तुम्ही फक्त सही करा." अध्यक्ष महाराज, तुम्हीच सांगा. ज्यानं माल धरला, तोच सोडवायचा अर्ज लिहून देतो म्हणतो, तेही फुकट, तेही रविवारी! मी घरात जाऊन बायकोला म्हणालो, "ह्याला पैसं पायजेत." ती म्हणाली, "मागितले का त्यानं?" मी म्हणालो, "मागत नाय, म्हणूनच तर. लई पोचलेला दिसतोय." आणि मी दुकानाच्या फळ्या लावून घेतल्या. नोटीस आली तेव्हा बायकोला, द्वारकाबाईला, दारात पाठवून "घरी नाहीत" म्हणून सांगायला लावलं. मी कणगीच्या मागं उभा होतो.

मुदत संपली. माल सरकारजमा झाला आणि मुंबईला गेला, असं कचेरीनं सांगितलं. गेला? कुणी पाहिला जाताना? मी तर पाहिला नाही.

पुढं सहा-सात वर्षांनी मी एकदा औरंगपुऱ्यातून सायकल हातात धरून चाललो होतो. एका घराच्या खिडकीतून पेटीचा आवाज आला आणि माझे पाय तिथंच थांबले. काळी चार पट्टीचा असा गोल, भरलेला सूर देशी पितळेतून येत नाही, हे मी शपथेवर सांगितलं असतं. घर कुणाचं म्हणून विचारलं, तर लासूरकर साहेबांचं. पेटी वाजवत होत्या त्यांच्या कालिंदीबाई.

आता जे सांगतो ते या सभागृहात दोनच माणसांना माहीत आहे. मी त्या आठवड्यात वरच्या साहेबांना एक पत्र लिहिलं. निनावी. डाव्या हातानं. 'जप्त केलेले परदेशी सूर कारकून लासूरकर यांच्या घरी पेटीत वाजत आहेत, तपास व्हावा.' तपास झाला. घराची झडती झाली. भर दुपारी, गल्ली बघत असताना, कालिंदीबाई अंगणात उभ्या होत्या आणि आत त्यांच्या पेट्या-ट्रंका उघडल्या जात होत्या. हार्मोनियमही त्यांनी उघडली. पण तपासाला आलेल्यांना देशी काय आणि फ्रान्सचं काय कळणार? त्यांनी 'संशयास्पद, निर्णय नाही' असं लिहिलं. साहेबांची बढती तीन वर्षं अडकून राहिली.

त्यानंतर त्या घराची खिडकी लावलेली असायची. पेटी बंद खिडकीच्या आड वाजायची. आणि मी काय समजलो? चोर नसता तर खिडकी का लावली असती! गुलमंडीवर पान खाताना मी हे किती जणांना सांगितलं असेल, त्याचा हिशोब नाही. इथं बसलेल्यांपैकी काही जण आता खाली बघताहेत. बघू नका. सांगणारा मी होतो.

परवाच्या सोमवारी बायको म्हणाली, "आवो, माणूस आता गाव सोडून चालला रत्नागिरीला, पोराकडं. किती वर्सं तेच ते. जाऊन इचारून तर या."

मी हत्यारांची पिशवी घेऊन गेलो. म्हणालो, "साहेब, लांबचा प्रवास आहे. पेटीचा भाता बघून देतो, पैसे नकोत." फुकट! त्यांनी माझ्याकडं पाहिलं, जसं मी एकावन्न साली त्यांच्याकडं पाहिलं होतं तसंच. पण पेटी पुढं ठेवली.

मी वरची फळी उचलली. आत सूर पितळेचे, देशी. प्रत्येकावर कानशीच्या खुणा, तिरक्या, डावीकडून उजवीकडं. अशी कानस या जिल्ह्यात एकच माणूस चालवतो. फळी उलटी केली. आम्हा पेटीवाल्यांची रीत असते, काम झालं की फळीच्या पोटात शिसपेन्सिलीनं नाव आणि साल लिहायचं. तिथं लिहिलं होतं: पुंजाराम, सोयगाव, १३५६ फसली. म्हणजे ॲक्शनच्या दीड-दोन वर्षं आधीचं. कन्नडच्या भजनी मंडळाची पेटी होती ती. मंडळ मोडल्यावर ती कालिंदीबाईंच्या वडिलांनी विकत घेतली आणि लेकीला दिली.

ज्या आवाजाला मी इतकी वर्षं चोरीचा म्हणत होतो, तो मीच घासून काढला होता. आपल्या हातून असा सूर निघू शकतो यावरही माझा विश्वास नव्हता, मग दुसऱ्यावर कुठून बसणार?

साहेब म्हणाले, "सापडले का तुमचे फ्रान्सचे सूर?"

मी पेचकस बाजूला ठेवला. मी म्हणालो, "तुम्हाला माहीत होतं?"

"पत्र मला तपासाच्या वेळी दाखवलं होतं. लिफाफा पेटीच्या भात्याला लावतात त्या सरसानं चिकटवलेला. पुंजारामजी, औरंगाबादेत टपाल सरसानं दुसरं कोण चिकटवतं?"

"मग तेव्हा बोलला का नाही?"

"बोललो असतो तर तुमची झडती झाली असती. एका गल्लीला एक तमाशा पुरे."

मंडळी, मी तिथंच त्यांचे पाय धरले. ते म्हणाले, "उठा हो, माझा काही राग नाही." त्या वेळी कालिंदीबाईंनी चहा आणला. कप माझ्यासमोर ठेवला आणि एक शब्दही न बोलता आत गेल्या.

म्हणून मला आज बोलायचं होतं. कुजबुज मी चारचौघांत केली होती, तेव्हा कबुलीही चारचौघांतच हवी. या माणसानं माझे सूर घेतले नाहीत. ते मुंबईला गेले, कायद्यानं गेले, आणि माझ्या आडमुठेपणामुळं गेले. जे मी पान खात सांगितलं ते खोटं होतं. घरी जाऊन आपापल्या माणसांना हे सांगा.

अध्यक्ष महाराजांनी मला वेळेपेक्षा जास्त बोलू दिलं, कचेरीनं न तपासता बोलू दिलं, त्यांचे उपकार मानतो. शिकलेला माणूस नाही, कुठं शब्द वाकडा गेला असेल तर पोटात घाला.

शेवटचं कालिंदीबाईंना. साहेब राग नाही म्हणाले, पण झडतीच्या दिवशी अंगणात तुम्ही उभ्या होतात, ते नव्हते. इथं हारतुऱ्यांत मला काही सांगू नका. व्यासपीठावर माणूस गोडच बोलतो, मला ते खरं वाटायचं नाही. माझा पत्ता घातलेलं एक कार्ड मी तुमच्या सामानात ठेवतो आहे. रत्नागिरीला पोहोचलात की तुमच्या हातानं दोन ओळी लिहा, आणि लवकर लिहा, माझं वय झालंय. राग आहे असं लिहिलंत तरी चालेल, बाई. त्यावर माझा लगेच विश्वास बसेल.