बाईंचा फोटो आणि दोन पेग

नाही नाही, मला बेवडा म्हणायचं काम नाही हां! दोन पेग, फक्त दोन, आणि तेसुद्धा भरदुपारी, जेवणाआधी, कारण साडूला बढती मिळाली आणि तो म्हणाला, "घ्या हो, बढती काय रोज मिळते?" घेतले. आणि तिथून तडक स्टुडिओत आलो, कारण मुख्याध्यापिकाबाईंचा फोटो संध्याकाळपर्यंत शाळेत लावायचा होता. आणि या मुख्याध्यापिकाबाई कोण? माझी बायको!

तुम्हाला सांगतो, तीस वर्षं मी दुसरं काय करतोय? फोटोतले चेहरे पुसतोय! पुटकुळ्या पूस, सुरकुत्या पूस, हनुवट्या दोन असतील तर एक कर. शाळेच्या हॉलमध्ये आधीचे सहा मुख्याध्यापक लटकलेत ना, सहाच्या सहा माझ्या हातचे. एकाला तर पूर्ण टक्कल होतं, मी भांग पाडून दिलाय! आता ही रिटायर होणार, म्हणून सातवी फ्रेम हिची, कायमची. सकाळी बजावून गेली, "अहो, डोळ्यांखालची वर्तुळं तेवढी काढा... आणि गालावरची चामखीळ, विसरू नका." मी म्हटलं, "अगं, सांगतेस कुणाला?"

फोटो उघडला... आणि बघतच राहिलो हो! वर्तुळं? कुठायत वर्तुळं? चामखीळ? होती, पण काय शोभत होती! म्हटलं, इतक्या देखण्या चेहऱ्याला आपण कशाला हात लावावा? दोन फूट बाय तीन फूट छापला, फ्रेम केली, वर पडदा टाकला आणि शीळ घालत खिळ्याला टांगून आलो. दोन पेग हो, फक्त दोन!

दुसऱ्या दिवशी कार्यक्रमात पडदा सरकला. अरे देवा! चामखीळ बटाट्याएवढी! शेजारी ते सहा जण, सोललेल्या अंड्यासारखे गुळगुळीत, आणि ही...! टाळ्या वाजवता वाजवता शिपाईसुद्धा थांबला.

घरी येऊन ओरडली असती तर परवडलं असतं. हळूच म्हणाली, "परक्या माणसाला भांग पाडलात. माझी एवढीशी चामखीळ काढवली नाही तुम्हाला?" मी म्हटलं, "अगं, शपथ! मला त्यात काढण्यासारखं काही दिसलंच नाही!" तिचे डोळे भरून आले. "खरंच?" आता इथे गप्प बसावं की नाही माणसानं? पण नाही! "खरंच गं! दोन पेग झाले होते ना..."

झालं! "आत्ता बघा," म्हणाली, "न पिता." बघितलं... आणि मेली तीस वर्षांची सवय, बोट आपोआप वर गेलं, "या गालाला जरा..."

चार दिवस अबोला. पाचव्या दिवशी मीच म्हटलं, फोटो बदलून देतो. तर म्हणाली, "राहू दे. एकदा तरी तसं बघितलंत ना, राहू दे तो."

आता डॉक्टर म्हणतात, सोडा. मी सोडायला एका पायावर तयार! पण कुठे बाहेर जायचं असलं की ही नटूनथटून समोर उभी, हातात ग्लास. "घ्या, आणि मग सांगा कशी दिसते." मी हात जोडतो, "अगं, निदान एकावर भागव!" तर म्हणते कशी, "छे! एकानं नुसती वर्तुळं जातात."